वारलीचा त्रिकोण दहा मिनिटांत येतो, मग पंधरा दिवस शिकवायचं काय?

गेरू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज सबमिशनचा गठ्ठा घरी आणलाय तर लिहूनच टाकते.

मी एका डिझाइन कॉलेजात सहा वर्षं शिकवतेय. सेकंड इयरला लोकचित्रकलेचा मॉड्यूल असतो, पंधरा दिवसांचा, तो माझ्याकडे आहे. चाळीस पोरं. बहुतेक शहरात वाढलेली, त्यांनी वारली पाहिलेली असते कुर्त्यावर, स्टेशनच्या भिंतीवर, नाहीतर शाळेत मडकं रंगवलं होतं तेव्हा. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतं की हे आपल्याला येतं. आणि एका अर्थी येतंच, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल, चार रेघा, झाला माणूस. दहा मिनिटं. मधुबनीचे मासे आणि गोंडचं हरीण यायला दोन दिवस लागतात एवढाच फरक.

पहिली चार वर्षं मी पण तसंच शिकवलं. आठवड्याला दोन शैली, प्रत्येकीचे मोटिफ कॉपी करायचे, मग शेवटी एक प्रॉडक्ट, म्हणजे टोट बॅग, कोस्टर, फोनचं कव्हर. ज्युरी खूश, पोरं खूश, कॉलेजच्या इन्स्टावर फोटो.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा डहाणूकडच्या एका वारली चित्रकार मावशींना शेवटच्या दिवशी काम बघायला बोलावलं. एका मुलीने फार नेटकं केलं होतं, तारपा नाचाचा गोल, म्हणजे तारपा या फुंकवाद्यावरचा वारली नाच, एकेक माणूस कॉम्प्युटरवर इलस्ट्रेटरमध्ये एकसारखा बसवलेला, आणि गोलाच्या मधोमध ब्रँडचा लोगो. मावशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे कुणाच्या वाजवण्यावर नाचतायत?"

मधला तारपकरीच, म्हणजे तारपा वाजवणाराच, काढून टाकला होता. तारपकरी सूर बदलतो तसा नाच वळतो, नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत, सगळं चित्र त्या एका माणसावर उभं असतं. आणि तिला ते माहीतच नव्हतं कारण मी सांगितलं नव्हतं, मला स्वतःला तोवर तो गोल म्हणजे एक छान कंपोझिशन एवढंच वाटत होतं. त्या मुलीची चूक नाही, माझी आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही खरंच.

तेव्हापासून मी मोटिफ शिकवणं बंद केलंय. आता एकच शैली घेते, पंधरा दिवस तीच, आणि पहिले तीन दिवस तर चित्रच नाही. पोरं तांदूळ भिजवतात, वाटतात, डिंक घालतात, पुठ्ठ्यावर शेण-माती सारवतात मग गेरू. बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करतात. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. तांदळाच्या रंगाची गंमत अशी की ओला असताना तो धड दिसत नाही, वाळला की पांढरा उठतो, त्यामुळे रंग लावायच्या पहिल्या दिवशी सगळी पोरं घाबरून वर वर लेप चढवत बसतात आणि वाळल्यावर जाड ढेकळं होतात. दुसऱ्या दिवशी आपोआप हात हलका होतो. तिसऱ्या दिवशी रंग आंबून वास यायला लागतो आणि नवीन वाटावा लागतो, तेव्हा कळतं की रोज लागेल तेवढाच का करायचा. हे मी शंभर स्लाइड दाखवून शिकवू शकले नसते.

पण अजून समाधान नाहीये. माझा प्रश्न असा, की तुमच्यापैकी कोणी शिकवत असाल किंवा या कलांशी जवळचा संबंध असेल तर सांगा, डिझाइनच्या पोरांना यातलं नेमकं काय द्यायला हवं? हात? गोष्ट? इतिहास? पंधरा दिवसांत सगळं होत नाही.

चिंचोका

फार मनापासून लिहिलंयत ताई. मी कम्युनिकेशन डिझाइन शिकवतो, माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आपण या चित्रांकडे सजावट म्हणून बघतो तिथेच घोळ होतो, ती मुळात माहिती मांडायची पद्धत आहे आणि डिझाइनच्या पोराला ते चटकन भिडतं, फक्त तसं दाखवायला हवं.

मी राजस्थानची फड घेतो, म्हणजे लोकदेवांची गोष्ट रंगवलेलं लांबलचक कापड. भिलवाडा-शाहपुऱ्याकडे जोशी घराण्यांनी पिढ्यानपिढ्या काढलेली, पाबूजींची फड साधारण पंधरा फूट लांब, देवनारायणांची त्याच्या दुप्पट. पोरांना मी आधी एवढंच विचारतो, की गोष्ट कुठून सुरू होते ते शोधा. ती डावीकडून उजवीकडे शोधत बसतात, कॉमिकसारखी, आणि सापडत नाही. कारण तिथे प्रसंग वेळेच्या क्रमाने लावलेलेच नाहीत, जागेप्रमाणे लावलेत. हे गाव इथे, तो दरबार तिथे, आणि त्या जागी जे जे घडलं ते सगळं तिथेच आसपास. रात्री भोपा, म्हणजे फडीचा पुजारी-गायक, गातो, त्याची बायको भोपी दिवा धरते आणि उजेड जिथे पडेल तिथला प्रसंग जिवंत होतो. म्हणजे तो नकाशा आहे आणि दिवा हा कर्सर आहे! हे ऐकल्यावर इंटरफेसवाली पोरं जी सरसावून बसतात ना.

आणि रंग भरायची रीत. आधी फिक्या पिवळ्याने कच्चं रेखाटन, मग एकेक रंग अख्ख्या कापडावर एकाच वेळी, म्हणजे अंगाचा नारिंगी सगळीकडे, मग दागिन्यांचा पिवळा सगळीकडे, असं करत करत शेवटी काळी रेघ. स्क्रीन प्रिंटिंग शिकलेल्या पोराला हा क्रम लगेच कळतो. आणि मुख्य देवाचे डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे, तोवर ते कापड, त्यानंतर ते देऊळ. फड जुनी झाली की फेकत नाहीत, पुष्करला नेऊन विसर्जन करतात. वस्तूचं आयुष्य संपल्यावर तिचं काय करायचं हे ज्यांनी इतक्या आधी ठरवून ठेवलं त्यांच्याकडून प्रॉडक्टवाल्यांनी पण शिकावं.

असंच सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचं. दशावतारी गंजिफात १० रंग, प्रत्येकात १२ पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे १२० गोल पानं. परशुरामाच्या रंगाला परशू, वामनाच्या रंगाला कमंडलू. हातात पंख्यासारखी धरल्यावर कडेचा एवढासा भाग दिसतो, तेवढ्यात पान ओळखू यायला हवं. आयकॉन डिझाइनचा याहून चांगला धडा मला अजून सापडलेला नाही. मी पोरांना गंजिफा कॉपी करू देत नाही, खेळायला लावतो. खेळल्यावर मग ते आपणहून विचारतात की हा रंग असाच का.

उभी रेघ

मी विद्यार्थिनी होते अशाच एका कोर्सची, आता चार वर्षं नोकरी करतेय, म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने लिहिते, राग मानू नका.

शेण-माती, तांदूळ सगळं छान आहे, मला ते दिवस अजून आठवतात. पण नंतर काय? मला नोकरीत पहिल्याच वर्षी क्लायंट म्हणाला, पॅकेजिंगवर काहीतरी ट्रायबल टच द्या, दोन दिवसांत हवंय. तेव्हा मला कोर्समधलं काहीच कामाला आलं नाही. मी स्टॉक साइटवरून वारली व्हेक्टर उचलले आणि बसवले. मनात कुठेतरी चुकतंय हे कळत होतं, पण नाही कसं म्हणायचं, नाहीतर दुसरं काय द्यायचं, हे कोणी शिकवलंच नव्हतं. सगळ्या कोर्सभर आम्हाला सांगितलं की परंपरा पवित्र आहे, हात लावताना जपून. मग एक तर आम्ही घाबरून हातच लावत नाही नाहीतर उचलेगिरी करतो. मधला रस्ता कुठे आहे?

गेरू

उभी रेघ, राग कसला, तुझा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

पवित्र आहे म्हणून हात लावू नका, हे मलाही पटत नाही गं. परंपरा गोठलेली नसते हे सांगायला मी गंगादेवींचं उदाहरण देते. मिथिलेच्या म्हणजे मधुबनीच्या चित्रकार, कचनी म्हणजे बारीक रेघांच्या कामातल्या. लहानपणापासून कोहबर काढत आलेल्या, म्हणजे लग्नघरातली ती कमळाची आणि बांबूची भिंत. १९८५ च्या सुमारास भारत महोत्सवासाठी अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन त्यांनी तिथला रोलर कोस्टर काढला! पुढे कॅन्सर झाला तर उपचारांची, हॉस्पिटलची चित्रमाला काढली. यातलं काहीच परंपरेत नव्हतं, पण एकेक रेघ मिथिलेची आहे. कारण मोर किंवा मासा त्यांनी उचललेला नव्हता, बघायची रीतच त्यांच्या अंगात मुरलेली होती.

जनगढ सिंह श्याम यांचं तसंच, मध्य प्रदेशातल्या पाटनगढमधल्या परधान गोंड घरातला तरुण, भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहिलं १९८२ साली, तिथल्या चित्रकार स्वामीनाथन यांच्या लोकांना तो सापडला, आणि कागदावर त्याने जे काढलं ते त्याआधी भिंतीवर तसं कधीच नव्हतं. आज ज्याला आपण सरसकट गोंड पेंटिंग म्हणतो ते बरचसं त्या एका माणसाच्या हातातून आलंय, म्हणून तर जाणकार त्याला जनगढ कलम म्हणतात. मी वर्गात ही दोन नावं सांगते तेव्हा पोरांचा चेहरा बदलतो. त्यांना तोवर वाटत असतं की लोककलेला नाव नसतं, ती जंगलात आपोआप उगवते.

तर तुझ्या क्लायंटचं उत्तर माझ्या मते असं, की दोन दिवसांत ट्रायबल टच देता येत नाही हे सांगायचं, आणि सोबत एका चित्रकाराचा नंबर आणि त्याचा दर क्लायंटपुढे ठेवायचा. हे वाक्य कसं बोलायचं, दर कसा मांडायचा, चित्राखाली नाव कुठे छापायचं, याची प्रॅक्टिस मी करून घ्यायला हवी होती. ते कोर्समध्ये नव्हतं. तुझं बरोबर आहे.

पाड्यावरची

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी वारली आहे, डहाणू तालुक्यातली, सध्या नोकरीसाठी ठाण्यात.

माझी आजी चौक काढायला जायची. लग्नाच्या घरी आतल्या भिंतीवर सवाशिणी बायका लग्नचौक काढतात, त्याच्या आत पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, तिच्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. चौक नसेल तर लग्न होत नाही. तेव्हा तुम्ही जे म्हणता ना चौकोन, त्रिकोण, गोल, बेसिक शेप्स, त्यातला चौकोन आमच्याकडे शेप नाहीये. ती जागा आहे, देवीला बसायची. आजी काढायची ते कुणी बघावं म्हणून नव्हतं, घरात अंधार, चुलीचा उजेड, त्यात ते पांढरं उठायचं. लग्न झालं की काही महिन्यांत धुराने काळं व्हायचं, त्याचं कुणाला काही नाही. पुढच्या लग्नाला पुन्हा काढायचं.

पुढे शहरातून चित्रकार भास्कर कुलकर्णी आले, कागद आला आणि जिव्या सोमा मशे काढायला लागले. ते पुरुष असून काढायला लागले हे तेव्हा नवीन होतं. गंजाडच्या त्यांच्या घरी मी लहान असताना गेलेय. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. त्यांच्यामुळे आमची कला जगात गेली याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याबरोबर एक झालं, कागदावर जास्त पुरुष आले आणि भिंतीवरच्या बायकांची नावं कुठेच राहिली नाहीत. माझ्या आजीचं नाव कुठल्याच चित्राखाली नाही.

गेरू ताई, तुम्ही मावशींना शेवटच्या दिवशी बोलावलं असं लिहिलंय. माझं एवढंच म्हणणं आहे, पहिल्या दिवशी बोलवा. काम झाल्यावर तपासायला बोलावलं तर त्या काय करणार, पाहुण्या म्हणून बऱ्याच गोष्टी बोलणार नाहीत. आणि शिकवू द्या, नुसतं दाखवायला नको. आम्हाला बरेचदा कॉलेजवाले डेमो म्हणून बोलवतात, कोपऱ्यात बसवतात, पोरं फोटो काढतात, मग सर माइकवर समजावून सांगतात की हे काय आहे. आम्ही समोर बसलेलो असताना.

गेरू

पाड्यावरची, तुमचं वाचून हात थांबला. खरं आहे. कोपऱ्यातला डेमो मी पण केलाय, पहिल्या वर्षी. माइक माझ्याच हातात होता.

पैशाचं पण लिहिते कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. मावशींना व्हिजिटिंग फॅकल्टीचं मानधन द्या म्हणून मी आमच्या ऑफिसात फाइल दिली तर ती परत आली, शैक्षणिक पात्रतेचा रकाना रिकामा म्हणून. त्यांना कारागीर या हेडखाली बसवलं, त्याचा दर माझ्या दराच्या तिसरा हिस्सासुद्धा नव्हता, प्रवासखर्च वेगळा नाही, आणि चेक निघायला चार महिने. त्यांनी मला एकदाही फोन करून विचारलं नाही, मीच लाजेने करत होते. गेल्या वर्षी मी त्या रकान्यात लिहिलं, चित्रकलेचा अनुभव ४० वर्षं, आणि ती फाइल घेऊन स्वतः संचालकांसमोर बसले, तीन वेळा. आता त्यांना तासाला माझ्याइतकंच मिळतं. हे कोर्सच्या आखणीत येत नाही पण माझ्या मते याच्यापासूनच शिकवणं सुरू होतं. पोरांना बरोबर कळतं कोणाला खुर्ची दिलीय आणि कोणाला सतरंजी.

काडीकागद

मध्येच विचारतो, वारलीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय ना, मग विद्यार्थ्यांनी वारली स्टाइलमध्ये काढून विकलं तर चालतं का? आमच्या मुलीच्या कॉलेजच्या मेळ्यात सगळे विकतात.

चिंचोका

जीआयचा कायदा १९९९ चा, तो नावाला संरक्षण देतो, म्हणजे वारली पेंटिंग या नावाने माल कोणी विकायचा यावर. त्रिकोणी माणूस काढायला बंदी नाही. कॉपीराइट एका विशिष्ट चित्राला असतो, शैलीला नसतो. त्यामुळे एखाद्या चित्रकाराचं चित्र ट्रेस करून छापलं तर तो सरळ गुन्हा, आणि नुसत्या शैलीत काढलं तर कायद्याच्या कचाट्यात बहुधा येत नाही. पण कायदा पकडत नाही म्हणून मेळ्यात वारली पेंटिंग अशी पाटी लावून विकणं मला तरी बरोबर वाटत नाही. आमच्याकडे मी पोरांना मेळ्यात चित्रकारांचा स्टॉल लावायला सांगतो आणि पोरं त्यांच्यासाठी टॅग, पॅकिंग, क्यूआर कोड, हिशेब बघतात. डिझाइनचंच काम आहे की ते. मागच्या वेळी दोन पोरांनी असं पॅकिंग केलं की चित्र एसटीत गुंडाळून नेलं तरी चुरगळणार नाही, चित्रकारदादांना ते कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त आवडलं.

वीणाहुडूक

मी कुडाळचा. पिंगुळी आमच्यापासून जवळ, तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. २०२१ ला परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

चित्रकथी म्हणजे पोथी असते, सुट्या पानांची, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली. वीणा, टाळ, हुडूक म्हणजे छोटा ढोल वाजतो, एकेक पान समोर उभं करायचं आणि त्यावर रामायण-महाभारतातला प्रसंग गायचा. जुनी पानं पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचेत आहेत, तिथे डिझाइनची पोरं स्केचबुक घेऊन बसलेली मी पाहिलीत. टपोरे डोळे, एका बाजूला वळलेले चेहरे, सगळं हुबेहूब उतरवत होती. पण मला सारखं वाटत होतं की यांना कोणी आवाज ऐकवलाय का. ते डोळे एवढे मोठे का, तर समोर चारपाच हातांवर, रात्री, दिव्याच्या उजेडात माणसं बसलेली असतात त्यांना दिसायला हवेत. पात्रं समोरासमोर का, तर गाणारा दोघांचं बोलणं म्हणतो. असं मला तरी ऐकताना जाणवलं. आवाजाशिवाय ते पान अर्धं आहे.

मी शिक्षक नाही, पण एक सुचवतो. पोरांना एक पान द्या आणि त्यावर दहा मिनिटं मोठ्याने बोलायला लावा, वर्गासमोर. मग त्यांना चित्रात काय कमी आहे ते आपोआप कळेल.

उभी रेघ

वीणाहुडूक, हे भारी आहे. आम्हाला प्रेझेंटेशन द्यायला शिकवतात आणि चित्रासमोर उभं राहून गोष्ट सांगणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत हे कोणी सांगत नाही.

गेरू ताई, पुढच्या बॅचला मी एक दिवस येऊ का? तो क्लायंटचा प्रसंग मी पोरांना सांगते, जसा घडला तसा. मी क्लायंट बनते, पोरांनी मला नाही म्हणायचं.

गेरू

ये गं नक्की, पैसे मात्र घ्यावे लागतील, आता तो नियम केलाय.

सगळ्यांचं वाचून पुढच्या बॅचचं असं ठरवतेय. मावशी पहिल्या दिवशी येणार आणि सगळे दिवस राहणार, मी त्यांची मदतनीस. माइक त्यांच्याकडे. त्यांच्याशी काल फोनवर बोलले, त्या म्हणाल्या की भिंत पाहिजे, पुठ्ठा नको, पुठ्ठ्यावर पोरं एकटी एकटी बसतात, भिंतीवर एकमेकांच्या हाताला हात लागतो आणि मग बोलणं होतं. चौक त्या शिकवणार नाहीत, तो लग्नाचा आहे, वर्गात काढायचा नाही, असं स्पष्ट म्हणाल्या. मला हे फार आवडलं, काय शिकवायचं नाही हे त्यांनी ठरवलं. त्याऐवजी पोरांनी आपल्या घरातलं, आपण रोज बघतो ते काढायचं, पाण्याचा टँकर, लिफ्ट, आजी, काहीही, पण आधी ते कोण आहेत आणि कोण कोणाकडे बघतंय ते तोंडाने सांगायचं, मग काडी हातात. वीणाहुडूक, ही तुमचीच सूचना. शेवटचे दोन दिवस उभी रेघचा क्लायंट. प्रॉडक्ट नाही. ज्युरीला काय दाखवणार असं एचओडींनी विचारलंय, मी म्हटलं भिंत दाखवू.

तारपकरी विसरलेली ती मुलगी आता फायनलला आहे. प्रोजेक्टसाठी गेल्या महिन्यात मावशींच्या घरी आठ दिवस राहून आली. तिची वही मी चाळली तर पहिल्या वीसेक पानांवर एकही माणूस नाही, नुसता तारपा, वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, वर ताडाच्या पानाचा कर्णा, वेगवेगळ्या बाजूंनी. कडेला बारीक अक्षरात कोण वाजवतं, कधी वाजवतं, कुठल्या सुराला नाच कुठे वळतो. मी विचारलं, नाच कधी काढणार? म्हणाली, अजून सूर नीट ओळखू येत नाहीत मॅडम.

पाड्यावरची, तुमच्या आजींचं नाव कळवाल का? भिंतीखाली आम्ही ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावं लिहिणार आहोत, तुमची हरकत नसेल तर.

पाड्यावरची

आईला विचारून कळवते. ती म्हणेल कशाला, पण मी समजावते. भिंत कधी काढताय ते सांगा, सुट्टी टाकते.